सही मागणाऱ्या दिराला काय सांगू?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून आलेलं हे पत्र आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असं सगळं गाळून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

लिहिणाऱ्या ताई चौतीस वर्षांच्या आहेत. नवऱ्याचा स्वतःचा ट्रक होता, खाणीवर चालायचा. २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या, ट्रकचे हप्ते थकले, शेवटी ट्रक विकावा लागला. उरलेलं कर्ज धाकट्या दिराने फेडलं. तीन वर्षांपूर्वी नवरा क्षयरोगाने गेला. त्या दुखण्यातच दोघांनाही एचआयव्ही असल्याचं कळलं. मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याची चाचणी निगेटिव्ह आली. ताईंना गोमेकॉतून, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून, औषधं चालू आहेत आणि गेल्या वेळच्या तपासणीत रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडला नाही. त्या गावातल्या स्वयंसाहाय्य गटात आहेत. गट शाळेचा माध्यान्ह आहार शिजवतो. गटात कुणाला काही माहीत नाही. घरात सासू, दीर आणि जाऊ यांना माहीत आहे. घरी त्यांचं ताट-पेला वेगळं आहे, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पिठाला हात लावू देत नाहीत. आता दीर म्हणतो, घर आणि कुळागर (नारळ-सुपारीची बाग) माझ्या नावावर होऊ दे, हक्क सोडल्याच्या कागदावर सही कर, मुलाचं शिक्षण मी बघतो. सही केली नाहीस तर गावात तोंड दाखवता येणार नाही, असंही एकदा बोलून गेला. ताई लिहितात, "माझं काय, आज आहे उद्या नाही. सही करून टाकली तर मुलाला निदान माणसं तरी राहतील. पण मन होत नाही. काय करू?"

ताई, आधी सरळ उत्तर देते. सही करू नका. वकिलाला दाखवल्याशिवाय तर मुळीच नको, आणि दाखवल्यावरही घाईने नको. वारसा सोडल्याची सही एकदा झाली की ती मागे घेणं जवळजवळ अशक्य असतं.

"मन होत नाही" हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जरा संकोचूनच लिहिलंय. माझ्या मते ते मन बरोबर सांगतंय. त्याला गप्प करणारी जी वाक्यं तुम्ही स्वतःला ऐकवता, ती एकदा तपासून बघू या.

पहिलं वाक्य, "आज आहे उद्या नाही". नवऱ्याचं दुखणं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे एचआयव्ही म्हटलं की तेच आठवणार. पण त्यांना कळलं तेव्हा क्षय अंगात भिनला होता. तुमचं तसं नाही. २००४ पासून आपल्या देशात ही औषधं सरकारी केंद्रातून फुकट मिळतात आणि आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. वेळेवर सुरू केली आणि चुकवली नाही तर माणूस इतरांइतकंच, जवळपास तेवढंच आयुष्य जगतो. तुमच्या रक्तात विषाणू सापडत नाही याचा अर्थ औषध नीट काम करतंय. अशा माणसाकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. म्हणजे तुमचा मुलगा कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल, लग्न करील, तेव्हा तुम्ही इथेच असण्याची शक्यता भरपूर आहे. तेव्हा राहणार कुठे? आज सही करताना या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे हवं. तुम्ही हिशेब मरणाचा मांडलाय, आणि पुढे आहे लांबलचक जगणं. (जाता जाता सांगते, एचआयव्ही असलेल्या बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. त्याची तपासणी झाली नसेल तर पुढच्या खेपेला बांबोळीला गेलात की विचारा. काळजी करायचीच तर अशी, जिचा उपयोग होईल.)

आणि समजा, खरंच काही झालं तर? त्याची तजवीज प्रत्येक आईबापाने करावी, आजार असो नसो. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्यात, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, कलम ३३ खास तुमच्यासारख्यांसाठी आहे. तुम्ही लेखी नेमणूक करून ठेवू शकता, की मी नसेन किंवा मला बघणं जमेनासं होईल तेव्हा माझ्या मुलाचा पालक अमुक. तो नातेवाईक असू शकतो, मित्रही असू शकतो. दिराशिवाय कुणी नाही असं तुम्ही गृहीत धरलंय. माहेरचा भाऊ आहे असं पत्रात एका ओळीत आलं आणि पुढे गेलं. त्याला का वगळलंत? त्याला कळेल म्हणून?

आता घराचं बघू. तुम्ही लिहिता, "घर त्यांचं, मी बाहेरून आलेली." गोव्यात राहून हे वाक्य लिहिलंत याचं मला जरा नवल वाटलं, पण खरं सांगायचं तर असं लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. लग्नासाठी रजिस्ट्रारकडे जाऊन सह्या करतो तेव्हा आपण काय मिळवतो हे आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मत्ता एकत्र होते आणि तीत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. नवऱ्याला वारशाने आलेलं सुद्धा त्यात येतं. तुमचा हा अर्धा वाटा नवरा गेल्यामुळे मिळालेला नाही, तो लग्न झालं त्या दिवसापासून तुमचा आहे. नवऱ्याचा जो अर्धा, तो मुलाकडे जातो.

तुमच्या पत्रावरून, घर आणि कुळागर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते नवऱ्याच्या आधी गेले, आणि त्यांना दोनच मुलगे. मृत्युपत्र किंवा करार नसेल तर हिशेब साधारण असा होतो: अर्धं सासूबाईंचं, उरलेल्या अर्ध्यात दोन भाऊ, म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या वाट्याला पाव. त्या पावात अर्धं तुमचं, अर्धं मुलाचं. दोघांचं मिळून पाव घर, पाव कुळागर. डोंगराएवढं नाही, पण बेघर न होण्याइतकं आहे. मुलाच्या वाट्यावर तर तुम्हालाही एकटीने सही करता येत नाही. तो अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला, आहे, कोर्टाची परवानगी लागते. दीर जो कागद पुढे करतोय त्यात मुलाचं नाव आहे का, ते बघा. आणि एक गंमत. दिराच्या वाट्यात तुमच्या जावेचाही अर्धा हक्क आहे, तिच्या संमतीशिवाय त्यालाही काही विकता येणार नाही. तिला हे माहीत आहे की नाही कोण जाणे.

दिराबद्दल मी फार कठोर होणार नाही. भावाच्या कर्जाचे हप्ते त्याने भरले, आजारपणात धावपळ केली, हे तुम्हीच लिहिलंय. त्याचे पैसे अडकलेत आणि ते कधी परत येतील याची त्याला चिंता असेल तर ती खरीच आहे. पण मग तो पैशाचा व्यवहार झाला. किती भरले, कुठे भरले, पावत्या दाखव, असं म्हणता येतं. वाटणी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी, करून झाली तर मयताचं कर्जही त्यात मांडलं जातं आणि ज्याने फेडलं त्याला ते मागता येतं. उपकाराची फेड अशी मोजूनमापून करता येते. अख्खा हक्क सोडणं ही फेड नव्हे, आणि मुलाचा हक्क सोडणं तर तुमच्या हातातच नाही. "मुलाचं शिक्षण बघतो" हा शब्द त्या कागदात लिहिलाय का, हेही विचारा. बहुधा नसेल.

आता ज्या धमकीपाशी तुम्ही अडलात तिथे येते. "गावात तोंड दाखवता येणार नाही." बदनामीची भीती घालून एखाद्याकडून कागदावर सही घेणं हा भारतीय न्याय संहितेत खंडणीचा गुन्हा आहे. दिराला हे ठाऊक नसेल. रागाच्या भरात बोलला असेल. पण पुन्हा बोलला तर तारीख, वेळ आणि समोर कोण होतं ते वहीत लिहून ठेवा, मेसेज असेल तर पुसू नका. विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची एचआयव्हीची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. कोर्टात जावं लागलं तर? नाव पेपरात येईल, ही भीती तुमच्या पत्रात आहे. त्याच कायद्याचं कलम ३४ बघा. तुम्ही अर्ज केलात तर खरं नाव झाकून, बंद दाराआड सुनावणी घेता येते आणि नाव छापायला मनाई करता येते.

कायदा लोकांची तोंडं बंद करत नाही, हे मलाही कळतं. आपलं गोवं या बाबतीत किती सुधारलेलं आहे याच्या बढाया मी मारणार नाही. १९८९ साली डॉमिनिक डिसूझा या तरुणाला, त्याने रक्तदान केलं आणि तपासणीत एचआयव्ही निघाला एवढ्यावरून, पोलिसांनी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस कोंडून ठेवलं. त्याची आई लुसी हायकोर्टात गेली, तेव्हा कोर्टानेही सरकारचा तो अधिकार उचलून धरला. त्याने पुढे १९९२ मध्ये, मरणाच्या थोडं आधी, 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. त्यानंतर कायदा पार उलटा झाला, पण माणसं? २०१४ साली रिवणात एचआयव्हीच्या भीतीने पालक अडून बसले आणि आश्रमातल्या मुलांना शाळा बदलावी लागली. त्यामुळे "आपणच उठून गावाला सांगून टाका, मग दिराकडे उरणार काय" असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकायला शूर वाटेल, पण तो देणारा तुमच्या गावात राहत नाही. ज्यांनी जाहीरपणे सांगितलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तुमच्यावर ते बंधन नाही.

गटातल्या बायकांनाही सांगायचं बंधन नाही. तुम्ही लिहिता, "मुलांना जेवण वाढताना अपराधी वाटतं." का वाटावं? अन्नातून, भांड्यातून, स्पर्शातून, एकत्र जेवण्यातून एचआयव्ही जात नाही. भाजी चिरताना बोट कापलं तर कुणीही करतं तेच करायचं, धुऊन पट्टी बांधायची आणि ती भाजी टाकून द्यायची. तुमच्या हातची भाजी-पाव खाऊन शाळेतल्या एकाही मुलाला धोका नाही. तो अपराधीपणा घरच्या वेगळ्या पेल्यातून आलाय, असं मला वाटतं. रोज तोच पेला हातात घेतला की माणूस हळूहळू त्यावर विश्वास ठेवायला लागतो. सासूबाईंना एकदा बरोबर घेऊन जा. एआरटी केंद्रात, म्हणजे जिथून ही औषधं मिळतात तिथे, समुपदेशक असतात, घरच्यांशी बोलणं हे त्यांचं कामच आहे. सुनेने सांगितलेलं सासूला पटत नाही, तेच डॉक्टरच्या खोलीत बसलेल्या परक्या बाईने सांगितलं तर पटतं. हा आपल्या घरांचा स्वभाव आहे, त्याचा फायदा घ्यायचा. आणि नाही पटलं तरी, २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे त्या घरात राहण्याचा आणि तिथल्या सोयी भेदभावाशिवाय वापरण्याचा तुमचा हक्क आहेच. चवथीच्या नेवऱ्या मात्र कलम दाखवून वळता येत नाहीत. त्याला वेळ द्यावा लागेल.

गुपित ठेवणं आणि गुपितापायी सगळं सोडून देणं, या दोन गोष्टी तुमच्या पत्रात एकमेकांत गुंतल्यात. पत्र पुन्हा वाचलं तेव्हा मी बाजूला लिहीत गेले, या तीन वर्षांत तुम्ही काय काय सोडलंत. गटाचं अध्यक्षपद नाकारलंत, कारण चारचौघांत उठबस वाढेल. भावाकडे जाणं कमी केलंत. सरकारी मदतीचा अर्ज केला नाहीत, कारण त्यावर आजाराचं नाव येईल. आणि आता घर सोडायला निघालात. गुपिताचं भाडं दर महिन्याला वाढत चाललंय, ताई. गुपित तुमचं आहे, ते फुकट ठेवता आलं पाहिजे.

अर्जाचंच घ्या. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत एचआयव्ही असलेल्यांना मदत मिळते हे खरं, पण एकट्या महिलांनाही मिळते आणि विधवा त्यात येतात. विधवा म्हणून अर्ज करा. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडायचा, तुमच्या आजाराचा एक शब्दही लिहायचा नाही. तीन वर्षांचे पैसे बुडाले ते बुडाले, पणजीला समाजकल्याण खात्यात किंवा तुमच्या पंचायतीत फॉर्मची चौकशी याच आठवड्यात करा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नसेल तर तेही काढा. इस्पितळात राहावं लागलं तर त्याचा आधार होतो, आणि ते कार्ड गावात निम्म्या घरांत असतं, कुणी काही विचारत नाही.

बांबोळीच्या फेऱ्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की "रोज बुडतो", म्हणजे त्या दिवसाची मजुरी. मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. गोळी फुकट आहे, पण डिचोलीहून पणजी, पणजीहून बांबोळी, रांग, परत, यात जो दिवस जातो त्याचे पैसे कुणी देत नाही. गटाला कारण सांगावं लागतं, दर वेळी नवी थाप. औषधाच्या बाबतीत सरकारने पुष्कळ केलं. त्या औषधापर्यंत पोचायला लागणाऱ्या दिवसाचा विचार कमी झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी आहे त्यात दोन गोष्टी मागता येतात. तुमच्यासारख्या स्थिर रुग्णाला एकदम तीन महिन्यांची औषधं देण्याची सोय आहे, ती मागा. आणि जवळ लिंक केंद्र (मोठ्या केंद्राला जोडलेलं लहान औषध केंद्र) असेल तर तिथे औषध मिळेल का, विचारा. गावाजवळ ओळखीचं कुणी भेटेल म्हणून नको असेल तर बांबोळीच ठेवा. तिथे सिंधुदुर्गापासूनची माणसं येतात, गर्दीत कोण कशासाठी आलंय कुणाला कळत नाही. आणि हो, गोळ्या दुसऱ्या डबीत काढून ठेवता असं लिहिलंय. आपल्या पावसाळ्यात ते नको. त्या मूळ बाटलीत ओल शोषणारी पुडी असते. लेबल काढा हवं तर, बाटली तीच ठेवा.

ज्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे अशांची पत्रंही येतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. हॉटेलात किंवा कारखान्यात नोकरी देताना एचआयव्हीची चाचणी अट म्हणून घालता येत नाही. कायद्याच्या कितीतरी आधी, १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका हंगामी मजुराच्या बाजूने निकाल दिला होता, की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला एवढ्या कारणाने काढता येत नाही. भाड्याची खोली, शाळेतला प्रवेश, विमा, यांतही भेदभावाला मनाई आहे. बोलायला कुणीच नसेल तर १०९७ या फुकट नंबरावर नाव न सांगताही विचारता येतं.

आता तुमचं काम. पहिल्यांदा एका माणसाला सांगा, फक्त एका. माझ्या मते भावाला. तो आधी गप्प बसेल, कदाचित चिडेलही, दोन दिवस जाऊ द्या. वकिलाकडे आणि दिराशी बोलताना तुमच्या बाजूला कुणीतरी बसलेलं हवं. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. बाईमाणसाला, तिची कमाई कितीही असो, तिथे वकील फुकट मिळतो. वाटणीच्या कामासाठी आजाराबद्दल वकिलाला सांगायची गरज नाही. धमकीची तक्रार करायची वेळ आली तरच सांगा.

जाताना लग्नाच्या नोंदणीचा दाखला, सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा, घरपट्टीची पावती आणि दिराने दिलेल्या कागदाची झेरॉक्स न्या. मूळ कागद दिराकडे असतील तर नकला सरकारी कचेरीतून काढता येतात, त्याच्याकडे मागत बसू नका. मुलाच्या वाट्याचे कागद घरात सुरक्षित राहणार नाहीत असं वाटलं तर २०१७ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ते बाल कल्याण समितीकडे ठेवायला देता येतात. मुलगा निगेटिव्ह असला तरी, आईला एचआयव्ही आहे म्हणून ते संरक्षण त्यालाही आहे.

तोवर दिराने पुन्हा विचारलं तर भांडू नका. एवढंच म्हणा: "मुलगा लहान आहे, त्याचाही वाटा आहे, म्हणून कोर्टाला विचारल्याशिवाय मला सही करता येत नाही. तुमचे ट्रकचे किती पैसे झाले ते लिहून द्या, ते मी बुडवणार नाही." तो हिशेब लिहून देतो की आवाज चढवतो, यावरून त्याला नक्की काय हवंय ते तुम्हाला कळेल. मग मला पुन्हा लिहा.